दोन सेलांमधलं मिनिट

काजवा म्हणजे आमची जुनी गाडी. पॉन्टिॲक फायरफ्लाय हे तिचं कागदोपत्री नाव. फायरफ्लाय म्हणजे काजवा, म्हणून घरात तिचा 'तो' झाला तो कायमचा. तीन सिलिंडर, एक लिटरचं इंजिन, मूळ बेत सुझुकीचा. म्हणजे आपल्या मारुती ८००चा मावसभाऊच. १९९६ साली मी तो वापरलेला विकत घेतला. मला पहाटे सहाच्या पाळीला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हजर व्हायचं असे, आणि विनिपेगच्या जानेवारीत त्या वेळी बसथांब्यावर उभं राहण्याची हौस दोन हिवाळ्यांत फिटली होती.

विनिपेग कॅनडाच्या जवळजवळ मध्यावर, सपाट माळावर वसलेलं. जानेवारीची सरासरी उणे सोळाच्या आसपास, आणि उणे तीसच्या खाली उतरणाऱ्या रात्री दर हिवाळ्यात येतातच. रेडिओवर दोन आकडे सांगतात, एक नुसत्या हवेचा आणि दुसरा वारा जमेस धरून. दुसरा माणसांसाठी. गाडीला पहिलाच लागू. वारा कितीही सुटला तरी लोखंड हवेहून थंड होत नाही, फार तर लवकर थंड होतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला लोखंडाचा हेवा वाटला होता.

अशा रात्री गाडी उघड्यावर राहिली की इंजिनातलं ऑइल दाट होत जातं. वाईला थंडीत खोबरेल थिजलं की आई बाटली अंगणात उन्हाला ठेवायची, तसं इथे करता येत नाही. ऊन असलं तरी त्याला धग नसते. तेलाचं असं, तर बॅटरीचं आणखी वाईट. इंजिन फिरवायला दुप्पट जोर हवा असतो, नेमकी त्याच वेळी तिची ताकद निम्म्यावर आलेली असते. बॅटरीवर थंडीतल्या जोराचा जो आकडा छापतात तो उणे अठराला मोजलेला: तीस सेकंद तेवढा करंट द्यायचा आणि व्होल्टेज ७.२च्या खाली जाऊ द्यायचं नाही. उणे अठरा म्हणजे आमच्याकडची बरी सकाळ. शिवाय पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. उणे बत्तीसला पेट्रोलला वाफ व्हायची फारशी इच्छा नसते.

म्हणून इथल्या गाड्यांच्या नाकातून विजेची वायर लोंबत असते. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, काय प्रगत देश आहे, गाड्या विजेवर चालतात! ती वायर इंजिनाला ऊब देणाऱ्या हीटरची. इंजिनाभोवती जो कूलंट खेळतो त्यात बुडवलेली लहानशी कॉइल. आपण अंघोळीच्या बादलीत सोडतो त्या हीटरची धाकटी बहीण, साधारण चारशे वॅटची. रात्री वायर सॉकेटमध्ये खोचायची, सकाळी इंजिन निदान माणसाळलेलं असतं. इथून सव्वादोनशे किलोमीटरवर, सीमेपलीकडे, नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी अँड्र्यू फ्रीमन नावाचा एक माणूस सहकारी वीजसंस्थेत होता. त्याने अशा हीटरचं पेटंट १९४९ साली घेतलं. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यातला 'सहकारी' हा शब्द तेवढा उचलला आणि समाधानाने मान हलवली. सातारा जिल्ह्यातला माणूस.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाईच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. विनोबा १९१७ साली प्रज्ञापाठशाळेत शिकायला वाईला येऊन राहिले होते, अण्णांच्या जन्माच्या कितीतरी आधी. पण अण्णा ते असं सांगत की जणू विनोबा काल संध्याकाळीच घाटावरून गेले आणि यांच्याकडे बघून हसले. रोज पहाटे गीतेचा अठरावा अध्याय म्हणायचा, हा त्यांचा नेम. बाकीचे सतरा का नाहीत, असं लहानपणी विचारलं होतं. "निकाल शेवटच्या पानावर असतो," म्हणाले.

आमचा मुलगा वर्षाचा होत आला तरी पाळणाघरात जागा मिळेना, म्हणून १९९८च्या ऑक्टोबरात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले. पुढे जे सांगायचंय ते त्या हिवाळ्यातल्या भोगीच्या पहाटेचं.

आदल्या रात्री मी नेमाने वायर खोचली होती. आईने भोगीच्या भाजीसाठी फ्रीझरमधले पावटे काढून ठेवले होते, नवरा कामासाठी टोरांटोला होता, मुलगा आईच्या कुशीत. सव्वापाचला मी मागच्या दाराने बाहेर पडले तर अण्णा टॉर्च घेऊन मागोमाग. चारला उठलेला माणूस, त्याला घरात करमेना. नवऱ्याचा पार्का त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलेला, त्यावर वाईहून आणलेली माकडटोपी. बाहेर उभे राहू नका म्हटलं तर शेजारच्या सीटवर येऊन बसले. उणे बत्तीसला सीटचा फोम लाकडासारखा होतो. अण्णा बसले तेव्हा पाटावर बसल्यासारखा आवाज आला.

मी किल्ली फिरवली. एरवी काजवा खिर्रर्र करून उठायचा. त्या दिवशी मोठं जातं एकटीने ओढायला घ्यावं तसं झालं. घर्र... मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा घर्र. समोरचे दिवे पिवळे पडले. मी पुन्हा सेल मारला. पुन्हा. चौथ्यांदा मारणार तेवढ्यात अण्णा म्हणाले,

"थांब."

"अण्णा, उशीर होतोय."

"होऊ दे. आपल्या डॉक्टरांची फियाट अशीच करायची. ते एकदा सेल मारायचे आणि मिनिटभर गप्प बसायचे. किल्लीवरचा हात काढ आधी."

डॉक्टरांची फियाट म्हणजे आमच्या आळीतली पहिली गाडी. डिसेंबरच्या सकाळी त्यांना पाचगणीला जायचं असलं की चोक ओढून त्यांचा जो कार्यक्रम चाले तो बघायला आम्ही पोरं ओट्यावर बसत असू. तिथली थंडी फार तर दहा अंश. ते मिनिट मात्र खरं होतं, हे मला नंतर कळलं. सेल मारताना बॅटरीतल्या पट्ट्यांना लागून असलेलं ॲसिड भराभर खर्च होतं. जरा थांबलं की लांबचं ॲसिड सरकत तिथे येतं आणि बॅटरीला थोडा दम येतो. तापलेला स्टार्टरही निवतो. म्हणजे मी काही करत नसते तेव्हा बॅटरीत काम चाललेलं असतं. हे डॉक्टरांना माहीत असेल किंवा नसेल. अण्णांना नक्कीच नव्हतं.

मी हात मांडीवर ठेवले. आमच्या श्वासाचं दव काचेच्या आतल्या बाजूला बसून तिथेच गोठत होतं. आधी पांढुरका धूर, मग पिसासारख्या रेघा. गल्लीतल्या घरांची धुराडी सरळ वर धूर सोडत होती. अशा थंडीत सगळं इतकं गप्प असतं की लांबच्या मालगाडीची चाकं रुळांवर मोजून घ्यावीत. शेजारी अण्णांचे ओठ हलत होते.

"प्रार्थना करताय?"

"छे. थांबलोय. थांबायचंच आहे तर तोंड रिकामं कशाला ठेवा?"

अठरावा चालला होता हे मला ओठांवरूनच कळत होतं, आणि चौदाव्या श्लोकाशी ते नेहमीप्रमाणे अडखळले तेही कळलं. तिथे कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. घरात काहीही झालं, दूध उतू गेलं, दाते मास्तरांची बदली रद्द झाली, की अण्णा ही पाच बोटं मोजायचे. आताही त्यांनी हातमोज्यातली बोटं वर केली. हा डबा म्हणजे अधिष्ठान. तू कर्ता. किल्ली, बॅटरी, ठिणगी ही करणं. मगाचपासून चालली आहे ती चेष्टा.

"तुम्ही माझी चेष्टाच करताय," मी म्हटलं. "आणि पाचवं?"

"मार आता सेल."

मारला. किंचित बरा. काजवा एकदा खोकला, थरथरला, बसला. पुन्हा मिनिट. मग आणखी एकदा. असं चार वेळा झालं असेल. पाचव्या मिनिटाला काचेवर टकटक झाली. शेजारचे आजोबा, युक्रेनी घरातले, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, खांद्यावर केबल टाकून उभे. मी काच खाली घ्यायला गेले, ती गोठलेली; दार ढकलून उघडलं.

"आलं बघा पाचवं," मी मराठीत पुटपुटले.

अण्णा चिडले. अगदी खरे चिडले. "उठून आलाय तो माणूस. त्याला दैव म्हणू नकोस. त्याचं त्याला दे."

आजोबांनी लगेच केबल लावली नाही. आधी टॉर्च घेऊन बॅटरीच्या बाजू हाताने चाचपल्या, फुगल्यात का ते पाहिलं. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत नुसतं पाणीच उरल्यासारखं असतं, ती उणे दहालाच गोठायला लागते. आणि गोठलेल्या बॅटरीला बाहेरून जोर द्यायला जावं तर ती फुटू शकते. आमची तेवढी रिती झालेली नव्हती. मग लाल चिमटा आमच्या अधिकवर, दुसरा लाल त्यांच्या अधिकवर, काळा त्यांच्या उण्यावर, आणि शेवटचा काळा बॅटरीवर नाही तर लांब, इंजिनाच्या एका उघड्या बोल्टवर, ठिणगी उडाली तर बॅटरीपासून दूर उडावी म्हणून. हे सगळं त्यांनी जाड हातमोजे न काढता केलं. ते बघत राहावं असं होतं. आणि मग तेही थांबले. त्यांची गाडी पाचेक मिनिटं नुसती गुरगुरत उभी राहिली, आम्ही तिघं तिच्याकडे बघत. त्यानंतर काजवा पहिल्या सेलला उठला.

दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचं काही कमी होत नाही, हा दृष्टान्त मी कीर्तनांत इतक्यांदा ऐकलाय की तो कुणी पारखून बघत असेल असं वाटत नाही. त्या पहाटे पहिल्या दिव्याचं बरंच कमी झालं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस उबदार पांघरुणातून उठला, पायजम्यावर पँट चढवली, उणे बत्तीसला पंधरा मिनिटं उभा राहिला. बॅटरीचं काही गेलं नाही, एवढंच खरं.

आभार मानले तर त्यांनी हात झटकला. पुढे एकदा, मी त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन गेले तेव्हा, ते का आले ते त्यांनी सांगितलं. लोक सकाळी किल्ली धरून बसतात, बॅटरी पार मरेपर्यंत सेल मारतात, मग शिव्या देऊन टॅक्सी बोलावतात. त्याला ते उठत नाहीत. आमचा आवाज मात्र थांबत होता. थांबायचा, परत यायचा, थांबायचा. स्वयंपाकघरात कान देऊन त्यांनी तीनदा ऐकलं आणि मग बूट घातले. हे सांगताना त्यांनी मला ख्रिसमसची उरलेली कुत्या दिली, गव्हाची, मधाची आणि खसखशीची. त्यांचा ख्रिसमस सात जानेवारीला असे. आईने ती चाखून 'खिचड्याची बहीण' असं नाव ठेवलं.

त्या दिवशी कामावर जाताना काजव्याची चाकं चौकोनी झाली होती. रात्रभर एकाच जागी दाबलेला टायर थंडीत तसाच आकार धरतो आणि पहिला मैलभर गाडी उंटासारखी चालते. धाप धाप धाप. मी बोटं मोजत होते. शंकराचार्यांच्या भाष्यात हे पाचवं म्हणजे इंद्रियांना हातभार लावणाऱ्या देवता, डोळ्याला सूर्य, तशा. रामानुजांच्या भाष्यात ते म्हणजे आत बसून सगळं चालवणारा अंतर्यामी परमात्मा. लहानपणापासून ऐकलेलं हे सगळं मी सवयीने 'मोठ्यांचं' म्हणून बाजूला ठेवलं होतं. आणि अण्णांनी तर देवता, परमात्मा दोन्ही सोडून, शेजाऱ्याचं शेजाऱ्याला दे म्हणून सांगितलेलं.

संध्याकाळी घरी आले. वायर खोचायला गेले तर सॉकेटवरचा लहान लाल दिवा बंद. इथे घराबाहेरच्या सॉकेटचं बटण आत, मागच्या दाराशी असतं. ते खाली होतं.

मी रात्री ते वर केलं होतं, मला पक्कं आठवत होतं. अण्णांचा एक नेम मात्र मी विसरले होते. वाईला ते रोज साडेनऊला घरभर एक फेरी मारत: देवघरातली समई, मोरीतला बल्ब, ओट्यावरचा दिवा. जे चालू दिसेल ते बंद. मागच्या दाराशी एक बटण उगाच वर दिसलं, कुठला दिवा तर लागलेला नाही, म्हणून खाली केलं असणार. रात्रभर वीज कशाला जाळा?

मी बटण वर केलं आणि कुणाला काही बोलले नाही. माझं हे मौन उदारपणाचं नव्हतं. अण्णांना वाईट वाटेल हे होतंच. पण दिवसभर मनात रचलेलं सगळं त्या बटणाने कोसळलं, त्याचाही राग होता. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला बजावतात की दैव म्हणून वेगळं काही नसतंच, कालच्या प्रयत्नालाच आपण आज दैव म्हणतो. कालचा प्रयत्न आणि आजचा हे टकरा घेणारे दोन एडके, ज्यात जोर जास्त तो जिंकतो. हे मला कॉलेजात फार आवडायचं. पण वसिष्ठांच्या हिशेबात दोन्ही एडके एकाच माणसाचे आहेत. माझा कालचा एडका साडेनऊ वाजता कुणी तरी दुसऱ्यानेच, अगदी प्रेमाने, दावणीला बांधला होता. आणि सकाळी त्याच माणसाने मला थांब म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. सेंट ॲन्स रोडवरच्या मंदिरात अण्णांना लोकांनी चार शब्द बोलायला लावले. ते उत्तरायणावर बोलले. आकाशातला सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेला वळतो, पंचांगातली संक्रांत तीन आठवडे मागून येते, आणि थंडी तर त्यानंतरही वाढतच जाते. कारण कधी घडलं आणि त्याची ऊब कधी लागली, यात एवढा वेळ जातो की माणूस मधल्या मधे कुणालाही दोष देतो. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी मात्र त्यांच्याकडे बघत होते. कळलं असेल का यांना?

आमच्या लॅबमध्ये एकच नमुना यंत्रात दोनदा घातला तर दोनदा तोच आकडा येत नाही. जवळपास येतो. त्या फरकाला आम्ही अधिक-उणे म्हणतो आणि अहवाल तपासताना तो गृहीत धरतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी अण्णांना म्हटलं की तुमचं पाचवं कारण म्हणजे आमचं हे अधिक-उणे. शेजारी, वायर, कालची रात्र, सगळ्यांचं श्रेय ज्याला त्याला देऊन झालं की जे उरतं ते. अगदी त्याच तयारीने दोन पहाटे सेल मारावा, एकदा गाडी उठते, एकदा नाही. आम्ही त्याला नाव देत नाही, फक्त त्याच्यासाठी जागा सोडतो.

अण्णांनी बराच वेळ विचार केला. "जागा सोडलीत हे बरं केलंत. आता तिथे कोण राहतं ते सांग."

"कुणीच नाही."

"भाडं कोण देतं मग?" म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. या वादात मी हरले असं मला अजून वाटत नाही. जिंकले असंही नाही.

त्याच महिन्यात त्यांनी विचारलं, ही रात्रभर जळणारी वीज येते कुठून? उत्तरेकडून, मी म्हटलं, नेल्सन नदीवरच्या धरणांतून. केटल, लाँग स्प्रूस, लाइमस्टोन. नऊशेक किलोमीटर तारांवरून ती इथे येते. नदी वर गोठलेली असते, पाणी बर्फाखालून पडत राहतं आणि आमच्या काजव्याचं पोट गरम करतं. मला हे सांगताना काव्य सुचत होतं. अण्णांनी एवढंच विचारलं, "खाली कुणाची गावं होती?"

मी वाचलेलं होतं; सांगितलं नव्हतं. नेल्सनला पाणी कमी पडू नये म्हणून सत्तरीच्या दशकात चर्चिल नदी वळवून तिच्यात आणली. वाटेत साउथ इंडियन लेक नावाचं तळं लागतं. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. तिथले इंडियन म्हणजे क्री लोक. तळ्याचं पाणी सुमारे तीन मीटर वर चढवलं, काठावरची वस्ती हलवावी लागली, त्यांची मासेमारी बसली. धरणांचा फटका बसलेल्या पाच क्री समाजांशी १९७७ साली करार झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीचे वाद पुढे कितीतरी वर्षं चालले. अण्णांनी धोमचं धरण बांधताना पाहिलं होतं. पाणी चढायच्या आधी वरच्या गावचे लोक घराच्या तुळया, दारं बैलगाड्यांवर घालून वाईच्या रस्त्याने नेत. त्यांतली काही पोरं अण्णांच्या वर्गात होती. एकाने वर्षभर वहीच्या पहिल्या पानावर नावापुढे जुन्याच गावाचा पत्ता लिहिला, आणि अण्णांनी तो खोडायला लावला नाही, हे मला आईने सांगितलंय, त्यांनी नाही.

"म्हणजे तू दैव म्हणून जे रात्री खोचतेस त्याला पत्ता आहे," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "खोच. खोचायला तर लागणारच. गाडी न चालू करून त्यांचं गाव वर येणार नाही."

अठराव्या अध्यायात पाच कारणांनंतर लगेच असं येतं की जो स्वतः एकट्यालाच कर्ता समजतो त्याची नजर चुकते. मी ते नेहमी नम्रतेचा धडा म्हणून वाचत आले. अण्णांच्या त्या हिवाळ्यानंतर ते मला वाण्याच्या खतावणीसारखं दिसायला लागलं. नावं लिहा. गाडी चालू झाली, कुणामुळे? कुणाच्या नावावर किती? नावं संपेपर्यंत 'दैव' हा शब्द काढायचा नाही. तो लवकर काढला की कुणाचं तरी बुडतं, मग तो केबल घेऊन आलेला म्हातारा असो की बुडालेल्या काठावरचा कोळी. इतकं सगळं लिहूनही पान भरत नाही, हे माझंही मत आहे. त्या उरलेल्या कोऱ्या जागेशी काय करायचं, यावर मला एकच गोष्ट शिकवलेली आहे, तीही फियाटच्या निमित्ताने: किल्लीवरचा हात काढायचा.

विनोबा म्हणत, कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली की त्याचं अकर्म होतं, म्हणजे केलेलं असूनही केल्यासारखं उरत नाही. हे मला अर्धंच पटतं. सहाची पाळी चुकली की पगार कापतात, आणि तो अकर्माचा कापत नाहीत. पण दोन सेलांमधल्या मिनिटात मी जितकी जागी असते तितकी देवळात कधी नव्हते. त्यात मागणं काही नसतं. कान उघडे असतात. बॅटरीत ॲसिड सरकत असतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुणी तरी ऐकत असतं, आणि मला यातलं काहीच दिसत नसतं.

एप्रिलमध्ये आई-अण्णा परत गेले. बर्फ वितळून अंगणात नुसता चिखल होता. विमानतळावरून घरी आले, मागच्या दाराने आत शिरले, बूट काढायला वाकले तर बटणाखाली कागदाची एक पट्टी, चारी कडांनी चिकटपट्टी लावलेली. शाळेच्या फळ्यावरचं त्यांचं ते घोटीव, शिरोरेघ एका दमात ओढलेलं अक्षर: 'हे बटण बंद करू नये.'

पट्टी कधी लावली, माहीत नाही. मी विचारलं नाही, फोनवरही नाही. आणि २००९ साली अण्णा गेले. काजवा त्याच्या आधीच भंगारात गेला होता. शेजारच्या आजोबांच्या घरात आता फिलिपिनो कुटुंब राहतं, त्यांना मी दोनदा बूस्ट दिलाय. मागच्या दाराचा रंग दोनदा बदलला. रंगाऱ्याला प्रत्येक वेळी सांगावं लागलं, एवढी पट्टी सोडून लाव.

मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला अक्षरं शिकवत होते. एक दिवस बूट घालता घालता त्याने ती पट्टी बोट ठेवून वाचली, स्वतःहून वाचलेलं त्याचं पहिलं मराठी वाक्य. मग विचारलं, "नये म्हणजे काय?"

मी सांगायला लागले. डोन्ट म्हण. पण डोन्ट म्हटलं की समोर कुणीतरी 'तू' असतो. इथे तो नाही. शुड नॉट म्हटलं तर 'कुणी' ते घालावं लागतं.

"मग कुणी बंद करू नये?" तो म्हणाला.

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हटलं, आणि त्याच्या बुटाची नाडी बांधायला लागले.